समुद्रात उतरवलेली मिशी

निजामपुरा, बडोदे
१० जानेवारी

तीर्थस्वरूप भास्करदादांच्या पायी धाकट्या विश्वंभरचा दंडवत.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग 'कोण गेलं' म्हणून धसकाल, तर पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कोणीही गेलेलं नाही. गेली आहे ती फक्त माझी मिशी. तुमचा गुडघा या थंडीत कुरकुरत असेल, वहिनी नेहमीप्रमाणे ठणठणीत असतील, आणि डभोईत हवापाणी बरं असेल असं धरून चालतो. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्हाला ऐकू यावं म्हणून मला इतक्या मोठ्यानं बोलावं लागतं की सबंध सोसायटी ऐकते, आणि सोसायटीच्या आधी नलिनी ऐकते. काही गोष्टी दोन भावांतच राहिलेल्या बऱ्या.

आपल्या घराण्यात मिशी उतरवायची ती सुतकात, हे मला ठाऊक आहे. पणजोबा हंबीरराव गायकवाडी फौजेत होते आणि त्यांच्या फोटोत मिशी आधी दिसते, मागाहून पणजोबा. तेव्हा ही आगळीक कशी घडली ते तुम्हाला माझ्या तोंडून कळावं, नाहीतर कोणीतरी गावभर भलतंच पसरवेल. सगळं सुरू झालं आकांक्षामुळं. तुमची पुतणी रॉटरडॅमला नोकरी करते आणि जावई केयूर तिथंच संगणकावर काहीतरी करतो (काय करतो ते त्यानं मला तीनदा समजावलं आहे आणि तिन्ही वेळा मी मान हलवली आहे). दोघांना स्कूबाचा नाद. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि समुद्राच्या तळाशी जाऊन दुसऱ्यांच्या घरात डोकवायचं. ऑक्टोबरात पोरीचा फोन आला की कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचं बेट आहे, आपल्या डभोई तालुक्याहूनही लहान, तिथं डिसेंबरात दहा दिवस जाऊ, तुम्ही दोघंही चला. मी 'बघू' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नलिनी मागून म्हणाली, "आम्ही येतोय."

दादा, छत्तीस वर्षांच्या संसारात मला न विचारता तिनं असं उत्तर कधी दिलं नव्हतं. मग लक्षात आलं की पादरा गावच्या शाळेत तिनं तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि प्रवाळ बेटं कशी तयार होतात हा धडा दर वर्षी दोन तुकड्यांना, म्हणजे साठ वेळा घेतला. फळ्यावर रंगीत खडूंनी प्रवाळ काढायची. तिनं स्वतः पाहिलेला समुद्र म्हणजे दमणचा, तोही ओहोटीच्या वेळी, चिखलासकट. त्यामुळं मी नवरेपणाच्या उदारपणानं होकार दिला (तो कोणी मागितला नव्हता, पण दिला). सोसायटीत मात्र मी जरा सैल बोललो. सरदारबागेच्या तलावात पोहणं शिकलेला माणूस आहे, आपलं रक्त फौजी आहे, समुद्राचं काय घेऊन बसलात, वगैरे. पणजोबा घोडदळात होते, आरमारात नव्हते, हा तपशील मला तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही.

जाण्याआधी डॉक्टरांची सही लागते. आमच्या निजामपुऱ्याच्या डॉक्टरांनी दोघांना तपासलं. नलिनीचं ब्लडप्रेशर पंचविशीतल्या मुलीसारखं निघालं. माझं पाहून त्यांनी यंत्र हलवून पाहिलं, मग पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "विश्वंभरभाई, तमे घेर बेसो ने. बेनने जवा दो." मी घरी बसायचं सोडून तिथंच बसून राहिलो. माझ्या बसण्याला कंटाळून त्यांनी सही केली.

बेट कसं आहे म्हणाल, तर डोंगर नावाला, निवडुंग जंगलभर आणि गाढवं मोकाट. पाणी मात्र असं निळं की आपल्याकडं तसा रंग फक्त प्लास्टिकच्या बादलीला देतात. तिथं पाण्यात उतरताना गाडीच्या काचा उघड्याच ठेवायची पद्धत आहे, चोरांनी फोडू नयेत म्हणून. पहिल्याच दिवशी आम्ही किनाऱ्यावर पाय भिजवत होतो आणि मागं एका गाढवानं खिडकीतून मान आत घातली. मागच्या सीटवर केयूरच्या आईनं बांधून दिलेली थेपली होती, दहा दिवसांची बेगमी. मी मराठीत हुसकावलं, केयूरनं गुजरातीत, आकांक्षानं डच भाषेत. गाढवानं कोणत्याही भाषेला दाद दिली नाही, सावकाश सगळी थेपली संपवली आणि कैरीच्या छुंद्याची बरणी हुंगून नाक वाकडं केलं. तेव्हापासून आम्ही मासे आणि तळलेली केळी यांवर दिवस काढले. (विहीणबाईंना आम्ही थेपली फार आवडल्याचं कळवलं आहे. ते खोटंही नाही.)

आम्हाला शिकवायला मारिएला नावाची बाई होती. बांधा आपल्या राजेश्वरीआत्यासारखा आणि हुकूमही तसाच. तिनं आधी रबराचा अंगरखा घालायला दिला. उशीला दोन नंबर लहान अभ्रा चढवताना उशीला काय वाटत असेल ते मला कळलं. केयूर मागून ओढत होता, मी पुढून श्वास रोखत होतो. जावयानं सासऱ्याला इतक्या जवळून पाहू नये, आदर टिकत नाही. मग कळलं की समुद्रात माणूस आपोआप बुडत नाही, त्याच्या कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात. सर्वांत जास्त वजनं मला लागली. साठ वर्षं खाल्लेली बडोद्याची शेव-उसळ पाण्यावर तरंगते, दादा, हे ज्ञान मला परदेशात मिळालं.

आता मिशीकडं येतो. डोळ्यांना आणि नाकाला झाकणारा एक काचेचा मुखवटा असतो, त्याला मास्क म्हणतात. तो कातडीला घट्ट चिकटला तर पाणी आत येत नाही. माझ्या बाबतीत मध्ये मिशी. उथळ पाण्यात डोकं घातलं की मिशीच्या वाटेनं समुद्र थेट नाकात. मारिएलानं पहिल्या दिवशी मिशीला व्हॅसलीन चोपडलं. त्यानं मास्क घसरून हनुवटीवर आला आणि मिशी दिवसभर घोंघावणाऱ्या माश्यांना उपयोगी पडली. दुसऱ्या दिवशी तिनं बोटांची कात्री करून दाखवली. मी पणजोबांची हकीकत सांगितली, आकांक्षानं तिचं भाषांतर केलं. मारिएला सगळं आदरानं ऐकून म्हणाली की पणजोबांनी किनाऱ्यावर थांबावं, तुम्ही खाली या. मी नलिनीकडं पाहिलं. ती उथळ पाण्यात पालथी पडून, नळीनं श्वास घेत, वाळूतल्या एका खेकड्याच्या मागे मागे जात होती. तिला माझ्या अडचणीची खबरही नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी केयूरचं दाढीचं यंत्र घेऊन न्हाणीघरात गेलो आणि बाहेर आलो तो असा. आकांक्षा हसली. नलिनी माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "असे होतात होय तुम्ही मिशीखाली."

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांनी. तर्जनी अंगठ्याला टेकवून गोल केला की ठीक. अंगठा वर केला की 'मला वर न्या'. हे मला सांगितलं होतं, पण हाताची सवय जाते कुठं? मारिएलानं खुणेनं विचारलं, बरं आहे ना? मी झकास म्हणून अंगठा दाखवला. तिनं मला दंडाला धरून वर आणलं. पुन्हा खाली गेलो. पुन्हा तिनं विचारलं, पुन्हा मी झकास. चौथ्या खेपेला तिनं माझा अंगठा तर्जनीला रबरानं बांधला.

पाचव्या दिवशी बोटीनं समोरच्या छोट्या बेटापाशी गेलो आणि दोरीला धरून खाली उतरलो. मारिएला, नलिनी, आकांक्षा, केयूर आणि मी. कान दुखू लागले की नाक चिमटीत धरून हवा फुंकायची असते. नलिनी शाळेतल्या कवायतीसारखी दर हाताला थांबून फुंकत होती. खाली प्रवाळ होतं. मी काही भूगोलाचा माणूस नाही, पण जांभळे पंखे, पिवळ्या नळ्या आणि मधून पोपटाच्या रंगाचे मासे, हे मी पाहिलं आहे एवढी नोंद करावी. त्यानंतर माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. फौजी माणसानं कुठं माघार घ्यावी हेही कळायला हवं, म्हणून मी शांतपणे (या वेळी खराखुरा) अंगठा दाखवला आणि केयूरबरोबर वर आलो. बोटीवर बसून समुद्राचं निरीक्षण केलं. बोटवाल्या म्हाताऱ्यानं मला संत्र्याचं सरबत दिलं. बत्तीस मिनिटांनी नलिनी वर आली.

तिला दोघांनी ओढून बोटीत घेतलं. मास्क काढला तर चेहऱ्यावर त्याचा गोल वळ उठलेला, केस सुटलेले. मी विचारलं, काय पाहिलं? ती म्हणाली, "फळ्यावर मी ते साठ वेळा चुकीचं काढलं." आणि नंतर दोन तास बोलत होती. कासव किती हातांवरून गेलं, प्रवाळाचा कडा अंधारात कसा उतरतो. रात्रीचं जेवण झालं तरी हात हवेत वल्हवत होती. उरलेले पाचही दिवस ती रोज खाली गेली. मी बोटवाल्याशी ओळख वाढवली.

आल्यापासून घरात हाच विषय. सोसायटीतल्या बायका भाजी निवडायला म्हणून येतात आणि प्रवाळावरचं व्याख्यान ऐकून जातात. माझी मिशी मात्र हळूहळू उगवते आहे, महिनाभरात माणसांत येईन. तोवर डभोईत कोणी विचारलंच तर डॉक्टरांनी उतरवायला सांगितली असं सांगावं, डॉक्टरांच्या नावावर बरंच काही खपतं. वहिनींना माझा नमस्कार, आणि गुडघ्याला तीळतेल चोळत जा.

आपला आज्ञाधारक,
विश्वंभर

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. वहिनी दर वर्षी उत्तरायणाला पतंग उडवायला आमच्या गच्चीवर येतात. या वर्षी काहीही कारण काढून त्यांना डभोईतच ठेवा. मालवणजवळ तारकर्लीला असंच समुद्रात उतरवतात म्हणे, आणि नलिनीनं तिथं जायचं मनात घेतलं आहे. तिला जोडीला बाईमाणूस हवं आहे आणि तिची नजर विजयमाला वहिनींवर आहे. वहिनींनी नाही म्हटलं तर ही एकटी जाणार नाही. तुम्ही घरातले वडील आहात, तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. माझं इथं कोणी ऐकत नाही.

ता. क. २. दादांना नलिनीचा नमस्कार. हे पत्र यांनी पोस्टात टाकायला माझ्याकडंच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. वहिनींशी माझं परवाच फोनवर ठरलं. त्यांनी हो म्हणायला तीन मिनिटं घेतली, त्यातली दोन रबराच्या पोशाखावर ओढणी चालते का हे विचारण्यात गेली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं आहे. आणखी एक. यांच्या मास्कमध्ये पाणी वगैरे काही शिरलं नव्हतं, मिशी गेल्यावर शिरणार कुठून? मी मारिएलाबरोबर कड्यापलीकडं गेले आणि यांना दिसेनाशी झाले. वर येऊन यांनी बोटवाल्याला गुजरातीत सांगितलं की माझी बायको खाली राहिली, बोट तिकडं घे. मग बत्तीस मिनिटं माझ्या सपाता मांडीवर घेऊन बसले होते. मला हे केयूरनं सांगितलं, ते यांना ठाऊक नाही. म्हणून दादा, तुमचंही तिकीट काढलं आहे. गुडघ्याचं कारण चालणार नाही, तुम्हाला पाण्यात उतरायचं नाही. तुम्ही बोटीत यांच्या शेजारी बसायचं आहे.