व्हर्ननने भरलेली काडतुसं

माइल्स सिटी, मोंटाना
९ ऑक्टोबर

प्रिय लॉरेन,

तू आणि तुझा गुडघा दोघंही ठीक असाल असं धरून चालते. आम्ही बरे आहोत. घर विकून भाड्याच्या जागेत आल्यापासून माझी झाडलोट निम्म्यावर आली, तुझ्या भावाची कुरकुर मात्र दुप्पट झाली.

घरमालकीणबाईंनी भाडेकरूंचा विमा काढायलाच लावला. विम्याच्या ओडेगार्डबाई मंगळवारी घर बघायला आल्या. "घरात चटकन पेट घेणारं काही आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आहे. माझा नवरा." हसल्या बिचाऱ्या. मग मी खरं ते सांगितलं, की मागच्या खोलीत हा रिकाम्या पुंगळ्यांत दारू घालून घरीच काडतुसं भरतो. मला वाटलं, आता या पळणार. पण त्यांचे वडीलही भरायचे. म्हणाल्या, बंदुकीची दारू थोडीच ठेवा, मूळ डब्यात आणि लाकडी पेटीत. काडतुसाच्या बुडाशी बसवायच्या स्फोटक टोप्या वेगळ्या, सगळंच हीटरपासून लांब. आम्हाला न सांगता ठेवलीत आणि आग लागली, तर कंपनी हात वर करील.

व्हर्नन खूश. "बाई, माझ्या टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असतो. दुसरा आला की मी काम थांबवतो." तू पोरगा होतास तेव्हा हा नियम तुलाही त्यानेच शिकवला. तो त्यांना मोठ्या तोऱ्यात आत घेऊन गेला.

टेबलावर दोन डबे उघडे होते. एक रायफलच्या दारूचा, एक पिस्तुलाच्या. व्हर्ननने मापातली उरलेली दारू शांतपणे डब्यात परत ओतली. चुकीच्या डब्यात. ओडेगार्डबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यांच्या किमतीबद्दल बोलायला लागले.

इथवर लिहून उठले आणि कॉफी करून आले. नको होती, तरी केली.

मागच्या महिन्यात पिकअप दुकानापाशी सोडून हा पायी घरी आला आणि चोरीला गेली म्हणून शेरीफला फोन केला. मी सगळ्यांना हसत सांगितलं. आता हसू येत नाही. मला भीती वाटते, लॉरेन.

सप्टेंबरात त्याने तुला काडतुसांचा डबा पाठवला ना, त्यातलं एकही उडवू नकोस. ती याच टेबलावर भरलेली आहेत. पिस्तुलाची दारू फार झपाट्याने जळते; ती रायफलच्या पुंगळीत गेली असली, तर रायफल तुझ्या गालाशीच फुटेल. फोन केला असता, पण तुला ओरडून सांगावं लागतं आणि हा कायम शेजारच्या खोलीत. पत्र मिळालं की लगेच फोन कर आणि बर्फ पडला का एवढंच विचार. मी समजेन.

दोन्ही डब्यांतली दारू मी खाली गवतावर पसरून टाकली. विमा कंपनीने घरात काडतुसं भरायला बंदी घातली, असं ओडेगार्डबाईंनीच त्याला सांगितलं. माझ्यासाठी खोटं बोलल्या. तो सकाळ-संध्याकाळ कंपनीच्या नावाने खडे फोडतो. फोडू दे.

या मोसमात दुकानातली काडतुसं घेऊन जा. कंबर गेल्यापासून तो डोंगर चढत नाही, पण शिकारीच्या पहिल्या संध्याकाळी तुला फोन करून विचारतोच, "माझी काडतुसं कशी चालली?" यंदाही विचारील. तू त्याच्याशी कधी खोटं बोलला नाहीस. या वेळी बोल. आणि मोठ्याने बोल, म्हणजे मलाही ऐकू येईल.

तू धडधाकट घरी यावास म्हणून हे लिहिणारी,
तुझी वहिनी
अर्लीन