वाटेवरचे दाणे

उंद्री, २२ एप्रिल २००६

चि. शालूस बेबीताईचा आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तुझं बरं असू दे.

हे होते त्या शेवटच्या पेरणीच्या सकाळी मी गोठा झाडला, गाईला ढेप घातली, पाणी भरलं. तुझे भाऊजी ओसरीवर बसून बीटी सरकीच्या पिशवीवरचं वाचत होते. आत साध्या सरकीची छोटी पुडी असते, ती काठाने लावायची, म्हणजे किडीला तिथे खायला मिळतं, असं त्यांनी सांगितलं. मामाजी लेकाला हसले. म्हणाले, किड्याले का आता जेवाले वाढाचं? पुडी उकिरड्यावर गेली. हे वारल्यावर मी अक्षरं लावून वाचायला शिकले ते तसल्याच पिशव्यांवरून.

मामाजी दिवसभर भिंतीकडे बघत बसतात असं लिहिलं, म्हणून तू तुझ्या मिशनच्या वसतिगृहातला जुना टीव्हीचा खेळ पाठवलास. कॅसेटमध्ये फुंकर मारली की चालतो. निळ्या झग्यातला दाढीवाला पेरणारा कवायत केल्यासारखा चालतो आणि वाटेवर, दगडांवर, काट्यांत, कुठेही बी फेकतो. मामाजींनी पहिल्यांदा बघितलं आणि दोन वर्षांत प्रथमच चिडले. हा कोणत्या गावचा कास्तकार व्हय, सडकेवर पेरून राह्यला, म्हणाले. आणि रिमोट माझ्या हातातून घेतला. हरलं की इंग्रजीत वचन येतं, घंटा वाजते. ते हात जोडतात आणि पुन्हा सुरू करतात. खेळातल्या तिसऱ्या वावरात पाखरं येऊन सगळं खातात.

शेताचं मात्र वाईट आहे. मामाजींना ते पुतण्याला, दयारामला, ठोक्याने, सालाच्या ठरल्या पैशांवर, द्यायचं आहे. पेरणीची पहिली मूठ सवाशिणीची, आणि आपल्या घरात आता ती नाही, असं म्हणतात. मागल्या साली शेजारच्या कलाबाईने मूठ धरली, तरी कपाशीच्या पराटीवर लाल्या आलाच, पानं लाल पडून गळाली. कलाबाईच्या हाताला कोणी काही बोललं नाही. शेत गेलं तर मी दयारामच्या धुऱ्यावर मजुरीला जाईन, आणखी काय. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी बेबीताई

मेहकर, ३ मे २००६

ती. ताईस शि. सा. न.

पत्र वाचून हसूही आलं आणि रागही. इथल्या पोरी त्या खेळाला आता विचारत नाहीत. दुसऱ्या कॅसेटमध्ये महापुराच्या गोष्टीतला नोहा गाय डोक्यावर उचलून धावत तारवात टाकतो. तीही पाठवली असती, पण आपले म्हातारे गाईवरून भांडतील.

वसतिगृहाच्या दीदींना त्या पेरणाऱ्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, ती येशूने सांगितलेली गोष्ट आहे. वाटेवरचं बी पाखरांनी खाल्लं, दगडावरचं वाळलं, चांगल्या जमिनीतलं शंभरपट झालं. खेळ त्यांच्या हातूनही पुरा झाला नाही. वाटेवर दाणा वाया घालवू नये, एवढं त्यांनी सांगितलं.

तू मामाजींशी पैज लाव. तिसरं वावर जो पिकवील, पहिली मूठ त्याची. ते नाही म्हणणार नाहीत. लहानपणी तू मला चिंचोक्यांत कधी जिंकू दिलं नाहीस, ते हात कुठे गेले? गालातल्या गालात हसू नकोस, उत्तर लिही. माया असू दे.

तुझी शालू

उंद्री, १२ जून २००६

चि. शालूस आशीर्वाद.

पैज लावली. मामाजी इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, हाव, कबूल. ते खेळाला बसले की दयाराम आणि कलाबाईही येऊन बसत. वीज असेतोवर सगळे खेळत. सगळे पक्के कास्तकार, म्हणून एकही दाणा वाटेवर पडू देत नसत. चांगल्या मातीत नेमकं बी टाकायचे, आणि भुकेली पाखरं नेमकी तिथेच उतरायची.

परवा खेळायला माझा नंबर आला, तेव्हा मला ती उकिरड्यावरची पुडी आठवली. मी पहिली मूठ मुद्दाम वाटेवर फेकली. मामाजी ओरडले, दयारामने कपाळावर हात मारला. पण पाखरं वाटेवर उतरली आणि तिथेच टिपत राहिली. तोवर मी दगड आणि काटे सोडून बाकी सगळं वावर पेरून काढलं. पीक टीव्हीच्या वरच्या कडेला लागलं. पंखवाला देवदूत आला, त्याने तुतारी फुंकली. कलाबाईने घाबरून पदर डोक्यावर घेतला.

मामाजींनी पुढे सरकून ते पीक नीट पाहिलं. मग म्हणाले, “हे माहा पोरगा देवानंद तवाच सांगत होता. मीच हासलो.” दयारामने मुठीचं काढलं, तर त्याला म्हणाले, “तू तं दोनदा हरला बे.” आणि माझ्याकडे वळून, “बाई, मूठ तुही.”

तुझे भाऊजी असते तर नुसते मिशीत हसले असते. ते मला दिवसभर दिसत होतं.

दीदींना सांग, वाटेवरचा दाणा वाया जात नाही. खेळ इतक्यात परत मागू नकोस, मामाजींना आता नोहा हवा आहे. आठवण राहू दे.

तुझी बेबीताई

ता. क. मुख्य ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी मी साध्या सरकीची पुडी शेताच्या काठाने लावली, आणि मग पहिली मूठ धरली.