जेवणाआधीची पुटपुट

आई, सोलापुरात शेजारच्या बायका नळावर तेलुगूत बोलायला लागल्या की घागर भरून वाहिली तरी तू कान टवकारून उभी असायचीस. परकी भाषा शिकायची तर आधी शिव्या शिकाव्यात, म्हणजे कोण आपल्याला नावं ठेवतंय ते कळतं, असं तुझं म्हणणं. साउथहॅम्प्टनला मुलाकडे राहायला आले आणि तुझं म्हणणं पटलं. सून हाँगकाँगची. रोज संध्याकाळी विहीणबाईंशी फोनवर कँटोनीजमध्ये बोलते आणि मधूनच माझ्याकडे बघते. शिवाय जेवायला बसलो की चमचा उचलण्याआधी खाली मान घालून माझ्या दिशेने काहीतरी पुटपुटते. एक दिवस चुकत नाही. मी या घरात नकोशी झालेय, याबद्दल मला शंकाच उरली नव्हती.

मुलाला विचारून उपयोग नव्हता, तो बायकोचीच बाजू घेणार. म्हणून गुपचूप लायब्ररीतल्या कँटोनीजच्या क्लासला जाऊ लागले. ही भाषा तर सुनेहून आतल्या गाठीची निघाली. 'तेल घाल' म्हणजे हिंमत धर, 'पाणी फुंकणं' म्हणजे गप्पा हाकणं, 'व्हिनेगर पिणं' म्हणजे मत्सरानं जळणं. बोलायचं एक आणि मनात दुसरंच. मी आपली शिव्यांची वाट बघतेय. शेवटी सुनेची पुटपुट पाठ करून शिकवणाऱ्या बाईंना म्हणून दाखवली.

"नायनाय, सिक फान. मदर-इन-लॉ, ईट राइस," त्या म्हणाल्या.

"आणि मनातला अर्थ?" मी सोडते होय.

त्यांनी समजावलं, त्यांच्याकडे धाकट्यांनी आधी मोठ्यांना नात्याने हाक मारायची आणि मगच घास घ्यायचा. "व्हॉट डू यू से बॅक?"

मी कधीच काही म्हटलं नव्हतं.

"ओह. देन शी मस्ट थिंक यू डोन्ट लाइक हर."

त्या दिवशी सुनेने पुटपुटल्यावर मीही "सिक फान" म्हणाले. तिने चटकन मान वर केली. मुलगा म्हणाला, "आई, हे तू कुठे शिकलीस?" मी आमटी वाढत राहिले.

फोनवर ती अजून माझ्याकडे बघत बोलते आणि माझे कान अजून टवकारलेलेच असतात. हे सगळं तुला कुठे पाठवणार, आणि पाठवलं तरी सून साधी आहे यावर तू विश्वास ठेवला नसतास. काल तिची शिफ्ट लांबली. मुलगा म्हणाला, "आई, तू जेवून घे ना." मी भूक नाही म्हणाले. खरं तर पोटात कावळे ओरडत होते. पण तिने हाक मारल्याशिवाय मला हल्ली घास जात नाही.