पालखीचा खांदा आणि डावा पाय

१७ मार्च
डाव्या पायावर आज सात सेकंद! मेघना म्हणाली, "काका, वीस झाले की पालखीचं बोलू." ही पोर कल्याणहून येते, तोल सावरायचे व्यायाम करून घेते. लकव्याला चार महिने झाले. जत्रा बारा एप्रिलला. गावदेवीच्या पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा. बाबांनंतर माझा.

१९ मार्च
एका पायावर उभा राहून मनात रामाचं नाम घेतो. एका नामाला एक सेकंद. आज वीस नामं झाली! मेघनाने मोबाईल दाखवला — नऊ सेकंद.
"काका, पडायची भीती वाटली की तुमचा राम पळत सुटतो."
खरं आहे. मीच पळवला.

२४ मार्च
लादीच्या फटीवरून टाचेला अंगठा लावून चाललो. कल्पिता भाकऱ्या थापता थापता म्हणते, "अहो, सरळ! हळदीत टाइट होऊन आल्यासारखे काय चालताय?"
मी थेंबही घेत नाही, हे तिला पंचवीस वर्षं माहीत आहे. तरी!

२९ मार्च
धाकटा भाऊ सहदेव आला. सोफ्यावर बसून माझी परीक्षा बघत होता. तेरा सेकंद.
"दादूस, बगळा बरा तुझ्यापेक्षा! यंदा खांदा मला दे, तू आरतीचं ताट धर."
तो हसला. मी नाही. लहानपणापासून त्याचा त्या खांद्यावर डोळा आहे. असं मनात येऊ नये. आलं.

३० मार्च
पंधरा.

६ एप्रिल
एकवीस! मेघनाने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "वेशीपासून देवळापर्यंतच हां. आणि जवळ कुणीतरी हवंच."
सहदेव दारातच उभा. "मी हाय ना!"
तो असणारच. मी पडायचीच वाट बघतोय तो.

१२ एप्रिल
घेतली! वेशीपासून देवळाच्या पायरीपर्यंत. पाय डगमगला नाही. सोबतीला सहदेव माझ्याही पुढे, त्याच दांड्याच्या टोकाला खांदा लावून. एकदाही मागे वळून बघितलं नाही त्याने. पालखी यंदा फुलासारखी हलकी लागली. देवीची कृपा, दुसरं काय!

१३ एप्रिल
दरवर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी खांद्यावर वळ असतो. कल्पिता तेल घेऊन बसली. वळच नाही.
सहदेवाकडे गेलो. उघडाच बसला होता. खांदा काळानिळा.
"हे काय रे?"
"मच्छर चावला, दादूस."