गारी म्हणजे संगीत नव्हे

अण्णा, तुमचं एक वाक्य परवा माझ्या वर्गात एका मुलीच्या तोंडून आलं आणि मी हातातला खडू खाली ठेवला. मी कॉलेजात संगीत शिकवते हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. मुलांना म्हटलं होतं, तुमच्या घरात जे कुणी गातं त्याच्याबद्दल एक पान लिहा. पोरं इथलीच, बनारसची, वीज गेली की शिव्या घालणारी. लिहिलं काय, तर पहाटेची गंगा, धूप आणि डोळे मिटलेले पांढऱ्या दाढीचे गुरुजी. साहेब लोक होडीतून बघून जे लिहून गेले, तेच जसंच्या तसं. मी वैतागले. अरे, तुमच्या घरी कुणी गात नाही का? तेव्हा ती मुलगी म्हणाली, "मॅडम, घर में तो बस अम्मा हैं. शादी-ब्याह में गारी गाती हैं. वो संगीत थोड़े ही है."

लग्नात वऱ्हाड पंगतीला बसलं की मुलीकडच्या बायका एकेकाचं नाव घेऊन गाण्यातून शिव्या देतात आणि वऱ्हाडी मिटक्या मारत ऐकतात, ती गारी. आपल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी घरांत ही चाल नव्हती. आई लग्न होऊन इथे आली आणि शेजारणींकडून शिकली. मला दिसतंय ते शेजारच्या मुलीचं लग्न. आई घोळक्याच्या मधोमध, पदर घसरलेला, नवऱ्या मुलाचा मामा किती खादाड आहे ते गातेय, आणि दारात तुम्ही, मुलींच्या शाळेतले संगीताचे मास्तर. घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणालात, "भल्या घरच्या बायका असलं ओरडत नाहीत. हे संगीत नव्हे." आई कणीक मळत राहिली. त्यानंतर ती गायली नाही, आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवायची. मला मात्र त्याच वर्षी तुम्ही तंबोरा आणून दिलात. तो मी अजून लावते, अण्णा, पण तेव्हा वाटलं होतं, आईचा आवाज काढून घेऊन मला दिलात.

तुमचा राग येतो, आणि तो एकट्या तुमच्यावर काढताही येत नाही. असल्या गाण्यांना गोऱ्या साहेबांनी असभ्य ठरवलं, आपल्या शिकल्यासवरल्यांनी लाजून माना डोलावल्या, आणि तुम्ही ते पुस्तकात वाचून घरी आणलंत. मुलांना हे मी भाषणात सांगून पाहिलंय. ती उतरवून घेतात आणि विसरतात. म्हणून या वेळी म्हटलं, पुन्हा लिहा, पण गाणाऱ्याच्याच तोंडून. मुलगी घरी जाऊन अम्माला विचारत बसली. तिच्या पानावर अम्मा सांगते की पाहुण्याचं नाव लांब असो की तोकडं, ओळीत बसवावंच लागतं, आणि शिवी अशी हवी की झोंबेल, पण कुणी ताटावरून उठणार नाही. वर्ग खूप हसला. मुलीने विचारलं, अम्माला एक दिवस इथे आणू का?

मग पोरं माझ्यामागे लागली, "मॅडम, आप भी लिखिए." मी आईच्या तोंडून लिहायला घेतलं आणि तुमच्या वाक्यापाशी येऊन अडकले. ते लिहिलं असतं तर आई पुन्हा गप्प झाली असती, या खेपेला माझ्या हातून. मग मी तुम्हाला दारातून उचललं आणि सरळ वऱ्हाडाच्या पंगतीत बसवलं. उखाण्याखेरीज जिने कधी तुमचं नाव घेतलं नाही ती आई भर मांडवात तुमचं नाव घेऊन गातेय, यांच्या पेटीपेक्षा यांचं घोरणं सुरात आहे म्हणून, आणि तुम्ही घास हातात धरून खदखदून हसताय. वाचून झाल्यावर त्या मुलीने विचारलं, "आपके पिताजी ऐसे ही हँसते थे?" मी हो म्हटलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तुमचं हसू मला आठवेना, अण्णा. खूप आठवून पाहिलं. शेवटी शेजारच्या काकांचं घेतलं आणि तुम्हाला दिलं.