हात लावायच्या आधी

आये, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहायला बसलेय. तेहतिसाव्या वर्षी तुझी मुलगी पुन्हा कॉलेजात जायला लागली आहे. पांढरा ॲप्रन, केसांना जाळी, आणि वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या पोरी. पहिल्या दिवशी मला मॅडम समजून त्या उभ्याच राहिल्या, मीही लगेच बसा म्हटलं नाही. बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं. दोन वर्षांचा कोर्सही होता, नोकरी लवकर लागली असती. कॅम्प दोनच्या बाजारातल्या ज्या दुकानात मी इतकी वर्षं लग्नाच्या साड्या दाखवल्या, तिथल्या सिंधी शेठना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे बेटा, इधर लोग तेरे को मिठाई देके जाते हैं. उधर क्या, बेडपॅन उठाएगी? और वो भी चार साल पढ़के?" नवरा म्हणाला, करायचंच आहे ना, मग छोटा कोर्स कर. प्रवेशाची वयोमर्यादा संपत आली होती, काय ते एकदाच निवडायचं होतं. मी मोठा निवडला. डिग्रीला पगार चांगला मिळतो, असं सगळ्यांना सांगितलं.

सुरुवात झाली सासूबाईंच्या आजारपणात. अंबरनाथच्या एका हॉस्पिटलात त्या बेशुद्ध होत्या आणि मी शेजारी स्टुलावर बसून होते. एक सिस्टर आली, वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "आजी, मी आलेय. आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतेय हं. हात गार आहेत माझे, दचकू नका." सासूबाई कसल्या दचकतायत, त्यांची पापणीसुद्धा हलत नव्हती. मी विचारलं, "त्यांना ऐकू येतं?" ती म्हणाली, "येत असेल तर?" चादर सारखी केली आणि पुढच्या खाटेकडे गेली. तिथेही तेच. "काका, मी आलेय." एवढंसं वाक्य, पण मी स्टुलावरून उठून उभी राहिले. कारण ते वाक्य मी ऐकलेलं होतं.

हेंद्रेपाड्यातला आपला गोठा. मी सात-आठ वर्षांची. तुला दाखवायचंय की मलाही दूध काढता येतं, म्हणून गुपचूप म्हशीच्या मागून जातेय, आणि लाथ बसून सरळ शेणात आडवी होते. तू धावत येतेस, पण आधी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवतेस. मग माझ्याकडे वळून ओरडतेस, "आवाज दे गो आदी! तिला कसा कलंल कोन आयलाय त?" लागलं मला आणि समजूत म्हशीची, याचा मला किती राग आला होता! तू मात्र रोज दारातूनच सुरू व्हायचीस, "आयले गो, आयले." म्हशीचे कान तुझ्याकडे वळायचे. कासेला हात लावायच्या आधी पुन्हा एकदा तेच. आता त्या जागी बिल्डिंग आहे, खाली गाड्या लागतात.

परवा आम्हाला कान शिकवला. आतलं सगळ्यात लहान हाड तांदळाच्या कणीएवढं असतं, आये. एवढ्याशा कणीवरून माणसाचा आवाज आत जातो, मला तर हात जोडावेसे वाटले. बाकीच्या पोरी आकृती काढत होत्या, मी हात वर केला. "मॅडम, बेशुद्ध माणसाला ऐकू येतं का?" मॅडम म्हणाल्या, "काहींना येतं, असं दिसलंय. समोरच्याला येतंय की नाही, ते नक्की नाही सांगता येत. म्हणून आपण बोलायचंच."

तू गोठ्यात कोसळलीस तेव्हा मी दहावीत होते. हॉस्पिटलात मला आत सोडलं नाही. दाराच्या फटीतून तुझे पाय तेवढे दिसत होते. मी तुला हाक मारली, जीव खाऊन मारली. वॉचमनने मला दंडाला धरून बाहेर नेलं. तू शुद्धीवर आलीच नाहीस. मी तिथे आले होते, हे तुला कळलं की नाही, ते मला कोणी सांगू शकलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. पगाराचं मी खोटं बोलले नाही, पण छोट्या कोर्सवर माझं मन बसेना ते यासाठी. जेवढं शिकवतील तेवढं सगळं मला शिकायचं होतं.

पुढच्या आठवड्यापासून वॉर्ड आहे. माझ्या वाट्याला बेशुद्ध पेशंट आला, तर काय बोलायचं ते मला ठाऊक आहे.

हे पत्र तुला वाचून दाखवायला हवं, नाहीतर तुला कसं कळणार? पण घरात सगळी माणसं आहेत आणि मला लाज वाटते. म्हणून फक्त पहिला शब्द मोठ्याने वाचला, "आये!"