रविवार दुपारचा प्रयोग

आप्पा, परवाच्या रविवारी दुपारी आपल्या गावात नाटक झालं, आणि ते मी आणलं.

तुम्ही होता तेव्हा नाटक म्हणजे घरातला सणच. सकाळीच तुमच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री, आईचा गजरा ओल्या फडक्यात, जेवणं लवकर. अनगोळहून आपण तिघं चालत निघायचो आणि पहिल्या घंटेच्या आधी जागेवर असायचो. मी सातवीत असताना एक म्हातारे नट मध्येच वाक्य विसरले. सगळं थिएटर गप्प, आणि मी खिदळले. मध्यंतर होताच तुम्ही माझा हात धरून थेट रंगमंचामागं नेलंत. "माफी माग." मी रडत उभी. ते नट म्हणाले, "राहू द्या हो, लहान आहे." तुम्ही म्हणालात, "लहान हाय म्हणूनच." कितीतरी दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही.

अलीकडं नाटकं इकडं येईनाशी झाली. पुण्याच्या एका नाटकवाल्यांना फोन केला, तर म्हणाले, "तुमच्याकडं आता बघायला येतं कोण?" ते लागलं मला. मग बँकेतून सुटले की मी आणि एक मैत्रीण तिकिटं घेऊन दारोदार फिरलो. हिंडलग्यात एक जण म्हणाला, "मोबाइलवर बगतो की." मी म्हटलं, "तुम्ही हसलेलं नटास्नी मोबाइलातनं ऐकू येतंय व्हय?" तो हसला आणि घरच्या सगळ्यांची तिकिटं घेतली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कन्नड काकूंनी विचारलं, "मला समजंल काय गं सगळं?" "मी शेजारी बसते," म्हटलं. मागच्या काही रांगा सोडल्या तर थिएटर भरलं, आणि काकू माझ्याआधी हसत होत्या. पुढच्या वर्षीही आणणार. कुणी नाही म्हटलं तरी आणणार.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही एका नाटकाला ने म्हणाला होता. डॉक्टरांची ना नव्हती. ते जिने, ती चाकाची खुर्ची, लोकांच्या नजरा, मलाच नको वाटलं. प्रयोग रद्द झाला म्हणून सांगितलं. "असू दे गं, पुढच्या बारीला जाऊ," म्हणालात.

रद्द झाला नव्हता, आप्पा.